यातली हद्द कुठली?

माती राखायला शिकायला जातोय, असं मी वडलांना सांगितलं तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकासमोरच विचारलं, की माती चोरतो कोण? मालवणच्या बाजारात आमचं किराणा दुकान होतं. वडलांच्या मते राखायच्या वस्तू म्हणजे गूळ, खोबरं आणि गल्ला, आणि त्यांचे शत्रू म्हणजे मुंगी, उंदीर आणि उधारीवाले. मातीला शत्रू असतात हे त्यांना पटेना. मी शेतकी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेजने फर्मान काढलं होतं, की उन्हाळ्याच्या सुटीत प्रत्येकाने भूसंधारणाच्या कामावर शिकाऊ म्हणून राबून यायचं. बाकीच्या मुलांना देशावरची सपाट काळी रानं मिळाली. मला, कोकणातला म्हणून, कोकण मिळालं. बाजारपेठेतल्या पोराला डोंगर कळतो असा सरकारचा समज असावा. मी तोवर डोंगर पाहिला होता तो एसटीच्या खिडकीतून, तोही पोटात ढवळू नये म्हणून लांब बघायला सांगतात तेव्हा.

ही एकोणीसशे साठच्या आगेमागची गोष्ट. आमचा जिल्हा तेव्हा रत्नागिरी होता आणि सिंधुदुर्ग म्हटलं की फक्त पाण्यातला किल्ला. मला मालवणजवळच्या कट्टा या गावी जाऊन ओव्हरसियर साहेबांच्या हाताखाली हजर व्हायचं होतं. त्यांनी बाजारात एका दुकानाच्या मागची खोली घेतली होती. त्याच खोलीत एका कोपऱ्यात माझी वळकटी पडली आणि दुसऱ्या दिवसापासून मी माती राखू लागलो.

साहेब देशावरचे. त्यांनी उभ्या आयुष्यात मातीचे बांध घातले होते, नजर पोचेल तिथवर जाणारे. आमच्याकडे कुदळ मारली की जांभा दगड वाजायचा आणि कुदळीचं तोंड फिरायचं. "याला जमीन म्हणतात?" असं ते रोज सकाळी डोंगराकडे बघून म्हणत, दुसरी माणसं त्या वेळी देवाचं नाव घेतात. भाकरीवाचून त्यांचे हाल होत. उकड्या तांदळाची पेज समोर आली की ते तिच्याकडे असं बघत, जणू कोणीतरी आजारी आहे आणि तो आजारी माणूस आपणच आहोत. पण माणूस सरळ. इतका सरळ, की बरोबरच्याला त्याचा त्रास व्हावा. कोणाच्या घरचा चहासुद्धा ते दोनदा नाही म्हटल्याशिवाय घेत नसत, आणि आमच्याकडे दोनदा नाही म्हटलं की लोक चहा आत घेऊन जातात.

माझं काम दोन प्रकारचं. एक म्हणजे आकडे रंगवलेली उंच पट्टी धरून उन्हात उभं राहायचं. साहेब लांबून दुर्बिणीतून ती वाचत आणि हाताने वर जा, खाली ये अशा खुणा करत. जिथे पातळी जुळेल तिथे मी चुन्याची चिमूट टाकायची. अशा चिमटी जोडत गेलं की डोंगराच्या अंगावर एकाच उंचीची आडवी रेघ उमटते. त्या रेघेवर दगडांचा बांध रचला की पावसाचं पाणी अडतं आणि माती मागे राहते. दुसरं काम दुभाष्याचं. साहेबांना मालवणी कळत नसे, आणि साहेबांना पाहिलं की गावकरी ऑफिसातलं मराठी बोलायला लागत. त्या मराठीत एकच वाक्य होतं, "होय साहेब, समजलं." त्या 'समजलं'चं भाषांतर करताना माझी दमछाक व्हायची.

कट्ट्यापासून आत, पायवाटेने तासभर चालल्यावर एक वाडी होती आणि वाडीच्या मागे आम्हाला नेमून दिलेला डोंगर. वरकस जमीन, म्हणजे जिथे भात होत नाही, गवत आणि जमली तर नाचणी होते, असा उतार. हा सगळा उतार एकाच भावकीचा, सामाईक. त्यावर एकही गडगा नव्हता, म्हणजे दगडांची कुंपणाची भिंत नव्हती, आणि हे आमच्याकडचं आश्चर्यच. कोकणात दोन भावांनी दोन दगड एकावर एक ठेवले की तिसरा भाऊ वकील गाठतो. हा उतार अजून तसाच मोकळा राहिला होता, कारण वाटणी करायची म्हटली की एक जण हमखास आड येई. ती काकी.

काकी ही घरातल्या धाकट्या मुलाची बायको. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, मूल झालं नाही. आता घर तिच्या थोरल्या पुतण्याचं होतं आणि मुंबईला गिरणीत असलेल्या धाकट्या पुतण्याचं. काकीचं काय, हे कोणी बोलत नसे. डोंगर सामाईक होता तोवर बोलायची गरजही नव्हती. सामाईकात ती हवं तिथे गवत कापी, विकी, आणि उताराच्या मध्यावर एक फणस होता त्याचे फणस उतरवून कोणाला द्यायचे ते तीच ठरवी. माहेरहून आणलेली आठळी, म्हणजे फणसाची बी, तिने तिथे लावली होती. आठळीचं झाड कापा, म्हणजे घट्ट गऱ्यांचं, निघेल की बरका, म्हणजे लिबलिबीत गऱ्यांचं, हे फळ धरेपर्यंत कळत नाही. नवरा गेल्यावरही ती किती तरी वर्षं पाणी घालत राहिली आणि झाड कापा निघालं. वाटणी झाली असती तर तिसरा वाटा कोणी काढला नसता. तिला माजघराचा कोपरा आणि दोन वेळची पेज मिळाली असती, आणि ती पेज कोणाच्या तरी चुलीवरची असती. आज लिहितानाही मला त्या विचाराने चीड येते. तेव्हा मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मी आपला चुना टाकत होतो.

रेघ फणसाच्या जरा खालून गेली. त्यात रेघेचा बिचारीचा दोष नव्हता. पातळी तिथूनच जात होती आणि दुर्बीण कोणाची काकी नसते.

दुसऱ्या दिवशी आम्ही आलो तेव्हा वाडीतली माणसं रेघेच्या दोन्ही अंगांना उभी होती. सगळ्यांनी ती रेघ पाहिली होती आणि सगळ्यांना एका नजरेत कळलं होतं की सरकारने डोंगराची वाटणी केली. साहेबांनी त्यांना धूप म्हणजे काय, मातीचा एक थर व्हायला किती काळ लागतो आणि वाहून जायला किती कमी, हे सगळं समजावलं. लोक म्हणाले, होय साहेब, समजलं. मग थोरला पुतण्या पुढे झाला. हा गावचा मानकरी, देवळात नारळ आधी त्याच्या हातात जायचा, आणि बोलण्यात अतिशय गोड. रेघ उत्तम आहे, तो म्हणाला, फक्त मध्येमध्ये वाकते ती जरा सरळ केली तर बघायला बरी दिसेल. साहेबांनी सांगितलं की पातळी सरळ नसते, जमीन जशी वळेल तशी वळते. पुतण्याला ते पटलं. बरं, वाकडी तर वाकडी, म्हणाला, आणि आम्हाला दुपारच्या जेवणाचं आमंत्रण देऊन गेला. साहेबांनी दोनदा नाही म्हटलं. माझं सुरमईचं जेवण त्या सरळपणात बुडालं.

मे महिना होता. मुंबईहून धाकटा भाऊ सुटीला आलेला होता, तेव्हा पुतण्याला घाई करणं भाग होतं. आम्ही जेमतेम वीतभर बांध रचला असेल, तर त्याच्या मागोमाग पुतण्याची माणसं काट्यांची वई घालत निघाली. बांधाच्या वरचं थोरल्याचं, खालचं धाकट्याचं, असं दोघा भावांत अंगणात बसून ठरलंसुद्धा होतं. फणस वर गेला. एरवी ज्या कामाला कोर्टात पिढी गेली असती ते सरकारी चुन्याने दोन दिवसांत केलं. साहेब मात्र खूश. या गावात लोक बांधाला स्वतःहून कुंपण घालतात, असा उत्साह आपण देशावरही पाहिला नाही, असं ते मला म्हणाले. त्यांना खरं काय ते सांगावं असं माझ्या जिभेवर आलं होतं, पण त्या दिवशी महिन्यात पहिल्यांदाच ते पेज पुरी प्यायले होते.

तिसऱ्या दिवशी काकी बांधावर येऊन बसली. बांधाच्या पुढच्या टोकावर, जिथे नवा दगड ठेवायचा तिथेच. हडकुळी बाई, गुडघ्यापर्यंत ओचा खोचलेला, विळा मांडीवर. मजुरणी थांबल्या. साहेबांनी मला पुढे केलं.

मी तिला सांगितलं की ही वाटणी नव्हे, माती वाहून जाऊ नये म्हणून हा बांध आहे. तिने विचारलं, माती जाते ती कुठे जाते? मी म्हटलं, व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, खाडीत आणि खाडीतून समुद्रात.

"मगे जांवदे," ती म्हणाली. "दर्या काय परको आसा?"

मी चुन्याची पिशवी खाली ठेवली. मी तिच्या शेजारी बसलो, कारण ऊन लागत होतं आणि फणसाची सावली तिच्याकडेच पडत होती. तिने मला सगळं सांगितलं; आठळी, नवरा, गवत, पुतणे, अंगणातलं बोलणं. रडली नाही. रागाने बोलत होती आणि तिचा राग मला लागत गेला. मी बाजारातला मुलगा. आमच्या घरातही एक विधवा आत्या होती, आणि तिला काय आवडतं हे आमच्यापैकी कोणी कधी विचारलं नव्हतं. मी काकीला म्हटलं, निदान पुढच्या वर्षी आणखी बांध होतील तेव्हा गवत वाढेल. हे मी नुसतं तोंडाला काहीतरी हवं म्हणून म्हटलं होतं. तिने मान वळवली.

आणखी म्हणजे किती, तिने विचारलं. मी सांगितलं की नकाशावर या उताराला पाच बांध दाखवलेत, पण यंदा मंजुरी एकालाच आहे.

काकीने विळ्याच्या टोकाने उतारावर वरपासून खालपर्यंत पाच जागा मोजल्या. मग म्हणाली, "झिला, एक बांध घातलास तर वाटणी होता. पाच घातलास तर पायऱ्यो होतत. पायरेर हद्द कोण सांगता?"

मी उठून साहेबांकडे गेलो. मंजुरी नाही, मजुरीला पैसे नाहीत, असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. काकी मागून आली. तिने मजुरी मागितली नाही. साहेबांनी फक्त बाकीच्या रेघांचा चुना आत्ताच टाकून द्यावा, दगड बायका ठेवतील, असं ती म्हणाली. मी त्याचं भाषांतर केलं, आणि भाषांतर करताना माझ्या तोंडून एक शब्द आला जो तिने उच्चारला नव्हता. मी म्हटलं, साहेब, या बाई श्रमदान करतो म्हणतात.

त्या काळी श्रमदान हा शब्द कानावर पडला की सरकारी माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. वरून सारखी विचारणा व्हायची, तुमच्याकडे श्रमदान किती? आणि आमच्याकडे शून्य, कारण आमच्या लोकांचं म्हणणं असं, की दान देवाला करावं, सरकारला कशाला. शिवाय पावसाआधी जिल्ह्याचे मोठे साहेब फिरतीवर येणार होते. ओव्हरसियर साहेबांनी त्याच दुपारी दुर्बीण मांडली. चार रेघा टाकून होईपर्यंत माझ्या खांद्याची सालं निघाली, पण मी एकदाही कुरकुरलो नाही.

मला वाटलं होतं काकी एकटी दगड वाहील. दुसऱ्या दिवशी बघतो तर बायकांची रांग. गवताला जाणाऱ्या, लाकडांना जाणाऱ्या, वाडीतल्या आणि शेजारच्या वाडीतल्याही. जाताना एक दगड, येताना एक दगड. उतारावर जांभ्याची डबरं लोळत पडलेलीच होती. इतक्या बायका का याव्यात ते आधी मला कळेना. मग एकेकीशी बोलताना उमगलं, की दर दोन घरांआड एक काकी आहे, आणि प्रत्येकीच्या घरामागे एक अजून न वाटलेला उतार आहे. माती राखायला त्यांतली एकही आली नव्हती. साहेब हात पाठीमागे बांधून त्यांच्याकडे बघत उभे राहत, आणि त्यांचे डोळे भरून येत. त्यांना ती जनजागृती वाटली. एका अर्थी होतीच.

पुतण्या सावध झाला तोवर पाचही बांध गुडघ्याला लागले होते. वई कुठे घालावी ते त्याच्या माणसांना सुधरेना. फणस आता दुसऱ्या आणि तिसऱ्या बांधाच्या मध्ये उभा होता, ना वर ना खाली. धाकटा भाऊ, जो आधी खालच्या भागावर राजी होता, तो आता म्हणू लागला की खालचा म्हणजे नेमका कुठून खालचा? थोरल्याच्या मते पहिल्या बांधापासून वर सगळं त्याचं. तो बांध आता वरून तिसरा होता, आणि धाकटा पहिला म्हणून सगळ्यात वरचा मोजत होता. दोघे भाऊ संध्याकाळी अंगणात बसत ते आता वेगवेगळ्या पडव्यांत बसू लागले. पुतण्या एकदा साहेबांना गाठून, ऑफिसातल्या मराठीत, हद्द कुठली धरायची असं विचारून गेला. साहेबांनी त्याला पुन्हा पहिल्यापासून धूप समजावली.

मोठे साहेब यायच्या दिवशी वाडीत मांडव पडला. पुतण्या मानकरी, तेव्हा हार त्याच्याच हातात. आत काय जळत होतं कोणास ठाऊक, पण पाहुण्यांसमोर त्याने कसर ठेवली नाही; शहाळी, भाजलेले काजू, सगळं होतं. ओव्हरसियर साहेबांनी मला आधीच बजावलं होतं, की त्या बाईंना एक वाक्य पढवून ठेव, मोठे साहेब विचारणारच. मी काकीला पढवलं: बांधामुळे मातीची धूप थांबते. ती ते इमानाने म्हणून दाखवी. दोनतीनदा तर तिने मला माझ्या उच्चारावरून टोकलं.

मोठे साहेब उतार चढून आले, बांध पाहिले, घाम पुसला आणि म्हणाले की असं काम जिल्ह्यात नाही. मग फणसाखाली सगळी भावकी जमली असताना त्यांनी काकीला पुढे बोलावलं आणि अगदी मायेने विचारलं, "बाई, या बांधांबद्दल तुम्हाला काय सांगायचंय?"

मी मनातल्या मनात वाक्य पुटपुटत होतो. काकीने पदर नीट केला. आणि जन्मात कधी न बोललेलं ऑफिसातलं मराठी ती बोलली, एकेक शब्द सुटा करून, मागच्या माणसालाही ऐकू जाईल असं.

"साहेब, यातली आमची हद्द कुठली?"

पुतण्या हाराच्या रिकाम्या तबकाकडे बघू लागला. ओव्हरसियर साहेब माझ्याकडे. मोठे साहेब मात्र मोकळेपणाने हसले. भोळ्या बाईच्या भोळ्या प्रश्नावर हसतात तसे हसले आणि सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "बांधाला हद्द समजू नका. यात हद्द कुठेच नाही. हा डोंगर पूर्वी होता तसाच, सगळ्यांचा एकच आहे."

मोठे साहेब बोलले म्हणजे टाळ्या वाजवायच्या. यजमान म्हणून पहिली टाळी पुतण्याला वाजवावी लागली. त्याच्यामागून सगळ्या भावकीने वाजवल्या, धाकट्या भावाने जरा जास्तच जोरात. मला इतका आनंद झाला की मी हातातली पट्टी टाकून टाळ्या पिटत होतो, आणि ती घरंगळत तिसऱ्या बांधापर्यंत गेली.

त्या वाक्याला कायद्यात कवडीची किंमत नव्हती. आमच्याकडे कायद्याला तरी कुठे होती? पण सगळ्या वाडीसमोर, देवाच्या मानकऱ्याने टाळी वाजवून मान्य केलेलं ते बोलणं होतं. पुढे कोणी वाटणीचा विषय काढला की बायका एवढंच म्हणत, "सायबान सांगल्यान ना?" आणि विषय मिटे. वई त्याच आठवड्यात निघाली. काटे चुलीला गेले. ओव्हरसियर साहेबांची त्या श्रमदानाबद्दल वाहवा झाली आणि त्यांना बढती देऊन परत देशावर, भाकरीच्या मुलखात पाठवण्यात आलं. बांधांनी माती राखली की नाही, हे नंतर कोणी तपासलं असेल असं मला वाटत नाही. राखली असावी. गवत बरं वाढलं एवढं काकी पुढे मालवणच्या बाजाराला आली की सांगे.

माझी मुदत संपली त्या दिवशी मी निरोप घ्यायला वाडीत गेलो. काकी घराच्या पायरीवर बसून फणस फोडत होती, त्याच झाडाचा. हाताला खोबरेल लावलेलं, समोर केळीची पानं मांडलेली. ती गरे काढत होती आणि एकेका पानावर सारखे सारखे टाकत होती. एक पान थोरल्याचं, एक धाकट्याचं, एक तिचं स्वतःचं. कोणाच्या पानावर एक जास्त पडला की उचलून दुसऱ्यावर. थोरला पुतण्या पडवीतून बघत होता. तिने त्याचं पान स्वतः नेऊन त्याच्या पुढ्यात ठेवलं. तो क्षणभर थांबला आणि मग खायला लागला. कापा होता, नाही म्हणणं अवघडच. माझं पान तिने दोरीने बांधून दिलं, वडलांना द्यायला.

काकी होती तोवर त्या डोंगराची झालेली वाटणी ती एवढीच.